फिडलच्या पुढं कुणी जायचं नाही

सूप मटणाचं करायचं की वाटाण्याचं, यावर आमच्या मंडळानं अख्खी संध्याकाळ घालवली. वाट कोण दाखवणार, या प्रश्नाला कॉफीचा एक कप भरायला लागतो तेवढाच वेळ मिळाला.

नाव युवक मंडळ. पण टेबलाभोवती बसलेल्यांत यूरुन सोडली तर एकाचेही गुडघे धड नव्हते. यूरुन शाळेत खेळ शिकवते, मंडळात नाच शिकवते. अर्नफिन अध्यक्ष. तो इतकी वर्षं अध्यक्ष आहे की खुर्चीला त्याच्या बुडाचा आकार आलाय. कॉफीच्या किटलीपाशी बोर्गिल्ड. तरुणपणी ती माझ्या बाबाबरोबर स्प्रिंगार हा जोडीचा नाच नाचायची आणि तो मान अजून अंगावर बाळगून असते. आणि मी, गुनवोर. दुधाचा टँकर चालवते. माझं तोंड खराब आहे असं खोऱ्यात सगळे म्हणतात, आणि मला ते मान्य आहे.

दर फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही स्कीवर ब्रेइसेतला जातो. ब्रेइसेत हे वरचं पठार, उन्हाळ्यात गुरं चरायची जागा. हिवाळ्यात तिथल्या झोपड्यांची फक्त धुराडी बर्फाच्या वर दिसतात. तिथं पोचल्यावर स्कीनंच बर्फ तुडवून अंगण करायचं. सूप पिऊन होईस्तोवर ते गोठून फरशीसारखं कडक होतं. मग नाच. पहिला नाच पायातल्या स्की न काढता, जोडीजोडीनं, गोलात, लाकडावर लाकूड आपटत. जो पडेल त्याला उचलायचं नाही, त्याला हसायचं. ते झालं की स्की बर्फात रोवायच्या आणि बुटांवर खरा नाच सुरू करायचा.

आणि एक नियम. ज्याच्या पाठीवर फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, तो सगळ्यांत पुढं. त्यानं ताज्या बर्फात माग पाडायचा, बाकीच्यांनी त्या मागातून एकामागं एक जायचं. फिडलच्या पुढं कुणी जायचं नाही. आणि तो जिथं फिडल पाठीवरून उतरवेल, तिथं नाच.

ती पाठ माझ्या बाबाची. हालग्रिम म्हटलं की खोऱ्यात दुसरं काही सांगावं लागत नाही.

आता बाबाचं मला जे माहीत होतं ते सांगते. नोव्हेंबरात तो दुकानातून घरी येताना वाट चुकला. दुकान आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. जानेवारीत मी गॅरेजमध्ये गेले तर तो स्कीला मेण लावत बसला होता. एका स्कीला कडक थंडीचं निळं मेण, दुसरीला ओल्या बर्फासाठीचं ट्यूबमधलं चिकट. म्हणजे एक पाय पळणार आणि दुसरा जमिनीला चिकटणार. या माणसानं अर्ध्या खोऱ्याला मेण लावायला शिकवलंय. मी काही बोलायच्या आत त्यानंच माझ्याकडं बघून विचारलं, "आज बर्फ कसाय गं?" मी म्हटलं, "कोरडा." तो म्हणाला, "मग बरोबर आहे," आणि चिकट मेण आणखी दाबून लावलं.

पण फिडल हातात घेतली की एक सूर इकडचा तिकडं होत नाही. हीच तर पंचाईत. लोक त्याला वाजवताना ऐकतात आणि म्हणतात, हा कसला आजारी? डॉक्टरनं मला समजावून सांगितलं होतं की बोटांतलं सगळ्यात शेवटी जातं. मी ते खोऱ्यात समजावून सांगितलं, तर लोकांनी मान हलवली आणि विषय बदलला.

तर सूप ठरलं. मटणाचं. मग मी बोलले.

"या वर्षी पुढं यूरुनला जाऊ दे. बाबाला मी बर्फावरच्या स्कूटरवरून वर आणते, फिडलसकट."

अर्नफिननं चष्मा काढला. "स्कूटरवरून? फिडल?"

"फिडलला काय होतंय, उबदार पेटीत असते."

"अगं, पण नाचाला जायचं म्हणजे स्कीवर जायचं. नाहीतर सरळ हेलिकॉप्टर मागवू या." लोक हसले. अर्नफिनला हशा आवडतो, त्यानं त्यात आणखी भर घातली. "आणि त्यातून मटणाचं सूप खाली सोडू."

"अर्नफिन, बाबा दुकानातून घरी येताना चुकला."

हसणं थांबलं. चमचे कपात फिरू लागले. साखर कुणीच घेतलेली नव्हती.

"थकला असेल," कुणीतरी म्हणालं.

"अंधार लवकर पडतो नोव्हेंबरात," दुसरं कुणीतरी.

"दुपारचे दोन वाजले होते," मी म्हटलं. "तो ब्रेइसेतची वाट विसरलाय. मी विचारलं त्याला. पाईनच्या झाडापाशी डावीकडं की उजवीकडं, त्याला सांगता आलं नाही."

यावर सगळ्यांनी 'हो' म्हटलं. आमच्या खोऱ्यात हो श्वास आत ओढून म्हणतात. तोंडातून बाहेर काहीच पडत नाही, उलट हवा आत जाते. त्या 'हो'चा अर्थ तुमचं म्हणणं पटलं असा नसतो. तुम्ही बोलून झालात हे आम्हाला कळलं, एवढाच असतो.

"या वर्षी ओव्रेडालची पाहुणे मंडळी येणार आहेत," अर्नफिन म्हणाला. "त्यांच्यासमोर हालग्रिमला स्कूटरवर, घोंगडीत गुंडाळून आणायचं? ओव्रेडालवाले काय म्हणतील? त्यापेक्षा मी असं करतो. मी त्याच्या अगदी मागं राहतो. चुकला, तर मी सांगतो. हळूच. कुणाला कळणारही नाही. माझ्यावर सोपव."

"सांगशील?"

"अगं सांगीन म्हटलं ना!"

"त्याच्या तोंडावर?"

"गुनवोर, तू माणसाला कोर्टात उभं करतेस."

यूरुन माझ्याकडं बघत होती. तिला वाट पाठ आहे, पोरींना घेऊन ती दर आठवड्याला वर जाते. पण पुढं मी जाते असं ती म्हणाली नाही. हालग्रिमच्या जागेवर मी जाते, हे वाक्य म्हणायचं तर तिनं आमच्या खोऱ्यात जन्म घ्यायलाच नको होता.

कप धुताना बोर्गिल्डनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्याचं एवढं एकच राहिलंय गं. जिवंतपणीच काढून घेतेस?"

"मेल्यावर काढून काय उपयोग?"

"तू लहानपणापासून अशीच. वाईट बोलायचं आणि त्याला खरं म्हणायचं."

"आणि तू बोर्गिल्ड, खरं असेल तर बोलायचंच नाही."

तिनं फडकं पिळलं आणि खुंटीला अडकवलं. झालं.

रविवारी आकाश निळं कोरं होतं. इतकी थंडी की नाकातले केस ताठ झाले होते. मी बाबाच्या दोन्ही स्कीला स्वतःच्या हातानं मेण लावलं. तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "जाड लावतेस." ते खरंच होतं.

मंडळाच्या घरासमोर सगळे जमले. ओव्रेडालवाले आमच्यापेक्षा भारी कपड्यांत. त्यांचा म्होरक्या, तोर्लेव नावाचा दाढीवाला, बाबाचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवत राहिला. "तुझ्याच मागातून जायचं म्हणून आलोय बघ!" बाबा हसला. फिडलची पेटी पाठीवर, वर लोकरी टोपी. दिसायला कसा दिसत होता म्हणता? अगदी पूर्वीसारखा. तिथंच घात होतो.

माझं काम सूपाचं. पातेलं घोंगडीत गुंडाळून बर्फावरच्या घसरगाडीवर बांधलेलं, गाडीचा पट्टा माझ्या कमरेला. घसरगाडी ओढणारा नेहमी शेवटी असतो, कारण त्याच्यामागं रखडायला कुणी तयार नसतं. म्हणजे बाबा एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, मधे अख्खं खोरं. निघताना मी अर्नफिनकडं बघितलं. त्यानं हात वर केला. माझ्यावर सोपव.

जंगलातून चढ. ओळ लांबत गेली. मला पुढचं फक्त वळणावर दिसायचं, रंगीत टोप्यांची माळ. माझ्यापुढं ओव्रेडालची एक जाडी बाई होती, बुनील तिचं नाव. ती दर दहा पावलांना थांबून म्हणायची, "अजून किती गं बाई?" आणि मी म्हणायची, "सूपापेक्षा लवकर पोचशील."

मोठं पाईनचं झाड आलं. तिथून डावीकडं ब्रेइसेत. वाट चढते, पायांत गोळे येतात. उजवीकडं उतार आहे, हलका, गुळगुळीत, स्की आपोआप पळतात. तो उतार यूवेतला जातो. यूवेत म्हणजे दरी, तळाशी नदी. काठावर वाऱ्यानं साचलेला बर्फ पुढं येऊन अधांतरी राहिलेला असतो, बघणाऱ्याला ती जमीनच वाटते. आमच्याकडं पोरांना चालायला लागायच्या आत यूवेतपासून लांब राहायला सांगतात.

माग उजवीकडं वळला होता.

मी थांबले. मला वाटलं एखादं पोरगं मजेत उतरून बघून आलं असेल. पण माळेतली शेवटची टोपी उजवीकडंच दिसेनाशी झाली. बुनील म्हणत होती, "उतार आहे वाटतं! बरं झालं!"

मी पट्टा सोडला. घसरगाडी आडवी लावली, मागाबाहेर पडले आणि खोल बर्फातून निघाले. मागाबाहेर स्की गुडघ्यापर्यंत रुततात. मी एकेकाला मागं टाकत गेले आणि एकेकजण मला काही ना काही ऐकवत गेला.

"गुनवोर, ओळीत राहा गं."

"अगं त्यानं काहीतरी बघूनच वळवलं असणार."

"यंदा दुसरी वाट असेल."

"सूप कुठाय?"

सगळे आमचे. सगळ्यांना पाईनच्या झाडापाशी कुठं वळायचं ते माझ्याइतकं ठाऊक. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. प्रत्येकानं पाईनपाशी पुढच्याच्या पाठीकडं बघितलं होतं आणि वळला होता. यूरुन मधे होती. तिचे डोळे भरलेले. "मला वाटलं अर्नफिन बोलेल," ती म्हणाली. मी तिच्याशी बोलायला थांबले नाही.

अर्नफिन सगळ्यांत पुढं, बाबाच्या मागं, अगदी जवळ. वचन अर्धं पाळलं होतं त्यानं.

"बोललास?"

तो आपल्या स्कीच्या टोकांकडं बघत राहिला. "मला वाटलं पुढं जाऊन तोच वळेल."

"कुठं वळेल? हवेत?"

तेवढ्यात झाडी संपली. समोर लख्ख उघडा, सपाट पांढरा तुकडा. बाबा थांबला, त्यावर नजर फिरवली, आणि समाधानानं मोठा श्वास सोडला. "आलो," म्हणाला. आणि पाठीवरची पेटी उतरवली.

फिडल उतरवली की काम सुरू. मागून येणारे, आमचे आणि ओव्रेडालचे, त्या सपाट तुकड्यावर सरकले आणि आडव्या स्कीनं बर्फ तुडवू लागले. आमच्या माणसांना पाय ठेवताना कळत होतं, मला शपथेवर सांगता येईल. ती कडेकडेनं, हलकी पावलं टाकत तुडवत होती. पण तुडवत होती. ओव्रेडालवाल्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते नाचतनाचतच तुडवत होते. तोर्लेव तर पार पुढं गेला होता आणि तिथून ओरडत होता, "काय जागा निवडलीय हालग्रिमनं! काय नजारा!"

"थांबा!" मी ओरडले. "एकानंही हलायचं नाही! तोर्लेव, झोप! पोटावर झोप आणि सरपटत माझ्याकडं ये!"

तो हसला. मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि झोपला. तो सरपटत आला तसं मी माझी काठी लांब धरून जिथं त्यानं पाय रोवले होते तिथं खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा भोकातून खालचं निळं दिसत होतं. बर्फाचं निळं वेगळं असतं. ही खाली नुसती हवा होती.

माणसं एकामागं एक मागं सरकली, झाडीपर्यंत. बुनील आता येऊन पोचली होती, ती विचारत होती, "काय झालं? नाच नाही का?"

बाबा पेटीपाशी उभा होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं. धुराडी शोधत होता, मला कळलं.

"गुनवोर. हे ब्रेइसेत नाही."

"नाही बाबा. यूवेत आहे."

"कुठून चुकलो मी?"

"पाईनपासून."

त्यानं मान हलवली, हिशेब बसल्यासारखी. मग अर्नफिनकडं वळला. "तू माझ्या मागं होतास."

अर्नफिननं श्वास आत ओढला. "हो."

"तुला कळलं होतं?"

पुन्हा तोच श्वास.

"यूरुन, तुला?" यूरुननं मान खाली घातली. बाबानं झाडीत उभ्या असलेल्या सगळ्यांवर नजर टाकली. ज्यांना त्यानं स्कीवर उभं राहायला शिकवलं, ज्यांच्या लग्नात वाजवलं, ते सगळे. "सगळ्यांना कळलं होतं?"

बोर्गिल्ड पुढं झाली. तिनं हातमोजा काढून त्याच्या बाहीवर हात ठेवला. "तुला वाईट वाटलं असतं, हालग्रिम."

"आणि आता काय वाटतंय असं वाटतं तुला?"

तिनं हात काढून घेतला.

"म्हातारा झालोय, विसरतोय, ते समजतं मला," बाबा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "घरात रोज समजतं. पण तुम्ही सगळे मला यूवेतपर्यंत घेऊन आलात. मी नाही आणलं तुम्हाला. तुम्ही मला आणलंत."

तोर्लेव बिचारा अंगावरचा बर्फ झटकत म्हणाला, "अरे, जीव वाचला ना! चला, जरा मागं झाडीत जागा करू, तिथं नाचू. फिडल आहे, सूप आहे!" आणि अर्नफिननं तो धागा लगेच पकडला. "हो हो! तिथंच करू. जागा बदलली एवढंच. काय, हालग्रिम?"

"मी वाजवणार नाही," बाबा म्हणाला. पेटीचं कुलूप त्यानं दाबून बघितलं आणि ती पाठीवर चढवली. "गुनवोर, तू पुढं हो. मला वाट ठाऊक नाही."

परत चढावर मी माग पाडत गेले आणि तो माझ्या मागं. आणि आता काय गंमत झाली बघा: फिडलच्या पुढं मी होते आणि एकाही माणसानं हरकत घेतली नाही. यूवेतपर्यंत ज्यांना नियम आठवत होता, त्यांना पाईनपर्यंत तो आठवला नाही. पाईनपाशी माझी घसरगाडी आडवी पडलेली होती. तिथून ब्रेइसेत फार लांब नव्हतं. कुणीतरी डावीकडं बघितलं. पण सगळे खालीच निघाले.

मंडळाच्या घरात सूप गरम केलं आणि लोक ते प्यायले. मटणाचं चांगलं झालं होतं. दारात पोस्टात काम करणारी एक बाई आली, तिला गुडघ्यामुळं यायला जमलं नव्हतं. तिनं विचारलं, "इतक्या लवकर कसे आलात?"

अर्नफिन म्हणाला, "हवा बिघडली वर."

तिच्यामागं उघड्या दारातून निळं आकाश दिसत होतं, एक ढग नाही. ती श्वास आत ओढून म्हणाली, "हो."

माझ्या हातातला डाव मी पातेल्यात आपटला. पण मी बोलायच्या आत बाबा उठला. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"हवा चांगली होती," तो म्हणाला. "मी वाट विसरलो. माझं डोकं विसरायला लागलंय. पुढच्या वर्षापासून यूरुन पुढं जाईल. मी मागून येईन, आणि वाजवता आलं तर वाजवीन." मग अर्नफिनकडं वळून, "झालं. एवढंच म्हणायचं होतं रे. जीभ काही गोठली नाही."

यूरुन रडत होती. बोर्गिल्ड कप गोळा करू लागली, ज्यांचं पिऊन झालं नव्हतं त्यांचेसुद्धा. मला त्या क्षणी बाबाचा इतका अभिमान वाटला की मला वाटलं सुटलो आता. नोव्हेंबरपासून जे काम माझ्या खराब तोंडानं झालं नाही, ते त्यानं एका दमात केलं. आता खोऱ्याला माहीत झालं, आणि त्यालाही.

गाडीत तो माझ्या शेजारी बसला. पेटी मांडीवर. पूल आला. मग हातमोजे काढले, बोटं चोळली आणि म्हणाला, "बोटं गार आहेत. आज किती वेळ वाजवलं गं मी?"

मी गिअर बदलला.

"ओव्रेडालवाले खूश होते का? तो दाढीवाला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तो खूश झाला असता, निजेपर्यंत खूश राहिला असता, आणि हे जाणून घ्यायला गाडीत आम्हा दोघांशिवाय कुणीही नव्हतं. मी दुपारभर ज्यांच्या नावानं बोटं मोडली, ती माणसं मला त्या वेळी पहिल्यांदा कळली. म्हणून त्यांना माफ केलं असं नाही.

मी गाडी रस्त्याकडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि त्याला पाईनच्या झाडापासून सगळं सांगितलं. यूवेत, काठी, अर्नफिन. तो पेटीवर हात ठेवून ऐकत होता. दुपारी लागलं होतं तेवढंच त्याला पुन्हा लागलं, चेहऱ्याच्या त्याच जागी.

"आणि सगळ्यांना कळलं होतं?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना."

"मग मी काय म्हणालो?"

मी तेही सांगितलं, शब्द न शब्द. त्यानं समोरच्या काचेवर जमलेली वाफ बाहीनं पुसली.

"बरं बोललो," तो म्हणाला. "उद्या विसरलो तर सांग परत."